कपिलेच्या रंगाचं दूध

एका राज्यात, जिथल्या डोंगरांना नावं होती पण राजधानीला नव्हतं, वीरबाहू नावाचा राजा राज्य करत होता. राज्य नेटकं होतं. नद्या वेळेवर भरत, झाडं वेळेवर फुलत, पक्षी माणसांसारखे बोलत आणि माणसं पक्ष्यांहून थोडी अधिक बोलत. खजिन्याच्या दाराशी मात्र एक दगडी पुरुष उभा होता आणि त्याच्याविषयी कोणीच बोलत नसे.

तो पुतळा नव्हता. तो राजाचा थोरला भाऊ जयकेतू होता. त्याच्या पत्नीला सगळा राजवाडा काकूसाहेब म्हणे. त्या रोज सकाळी ओल्या फडक्याने नवऱ्याचे पाय पुसत, कोपराच्या घडीत साठलेली धूळ काढत आणि मग आपल्या कामाला लागत. याला अठ्ठावीस वर्षं झाली होती.

झालं होतं ते असं. वीरबाहूचे वडील, थोरले महाराज, एकदा शिकारीत वाट चुकले आणि एका गवळणीच्या झोपडीत शिरले. तिने तांब्याच्या कढईतलं आटवलेलं दूध गरम भाकरीवर लावून त्यांना दिलं. पण ते नुसतं आटलेलं दूध नव्हतं. कपिला गाईच्या पाठीसारखा त्याचा तपकिरी रंग, मधासारखी त्याची धार, आणि गोडीत साखर जळता जळता थांबल्याचा एक खमंगपणा. महाराजांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "असं दूध आमच्या घरी व्हायला हवं." आणि जाताना कढई घेऊन गेले. कृती विचारायचं त्यांना सुचलं नाही. राजांना बहुधा भांडंच दिसतं.

घरी कोणालाच ते दूध जमलं नाही. कढई खजिन्यात सोन्याच्या राशीवर पडून राहिली. तिकडे गवळणीने पुन्हा कधी चूल पेटवली नाही, आणि पुढल्या वर्षी ती गेली. तिचा मुलगा कालकंठ रानात निघून गेला. दहा वर्षांनी तो मोठा मांत्रिक होऊन परतला आणि भर दरबारात म्हणाला, "या घराचा थोरला मुलगा लग्नाच्या वर्षी पायापासून दगड होत जाईल. त्याच कढईत माझ्या आईच्या हातच्यासारखं दूध होईल आणि पहिला घास मला मिळेल, तेव्हाच हा शाप सुटेल."

"ते दूध करायचं कसं?" महाराजांनी विचारलं.

"धुक्यातल्या गाईचं दूध, मौनगिरीची साखर, खाऱ्या तळ्यावरचा चिमूटभर खार. पुढे ती काय करायची ते मी कधी पाहिलं नाही," कालकंठ म्हणाला, आणि मांत्रिक असूनही त्याची मान खाली गेली. "मी फक्त जेवायला यायचो."

जयकेतूचं लग्न झालं आणि तो दगड झाला. वीरबाहू धाकटा, म्हणून वाचला आणि राजा झाला. शाप एकदा लागला की संपतो, अशी मग सगळ्यांनी आपापल्या सोयीने समजूत करून घेतली. त्याच समजुतीवर राजाने आपल्या थोरल्या मुलाचं, सुकेतूचं, लग्न लावून दिलं.

सून आली ती डोंगराकडची. सावरी तिचं नाव. बोलणं फार थोडं. नव्या सुनेला घरात कोणी काही विचारत नाही, सगळे सांगतात. त्यामुळे तिला बघायला भरपूर वेळ मिळतो. आठ दिवसांत सावरीला कळलं, की सासरे खोटं बोलताना मिशी ओढतात, सासूबाई प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, आणि काकूसाहेब जेवताना नेहमी शेजारचा पाट मोकळा ठेवतात.

नवव्या दिवशी सकाळी सुकेतू पलंगावरून उतरला आणि फरशीवर टक् असा आवाज झाला. दोघांनी खाली पाहिलं. त्याच्या पायांची बोटं दगडाची झाली होती.

"दुखतंय?" सावरीने विचारलं.

"नाही. गार लागतंय." त्याने पाय पुन्हा एकदा फरशीवर टेकवून पाहिला. मग म्हणाला, "तुला नदीकाठी फिरायला नेईन म्हणालो होतो."

"म्हणाला होता."

"आता मी कुठेही जाणार नाही, एवढं मात्र पक्कं."

सावरीला हसू आलं आणि त्याच हसण्यात तिचे डोळे भरले. आठ दिवसांत त्याने तिला हसवण्याची ही पहिली वेळ होती.

राजवाड्यात एकच रडारड झाली. काकूसाहेब तेवढ्या रडल्या नाहीत. त्यांनी सावरीला बाजूला घेतलं.

"सूनबाई, नीट ऐक. यांना सहा दिवस लागले होते. सहाव्या दिवशी मावळतीला ओठ गेले. तुझ्या हातात तेवढेच दिवस आहेत. दूध, साखर आणि खार पत्नीनेच आणायचा असतो. मी तिन्ही गोष्टी आणल्या होत्या."

"मग?"

"मग दूध करपलं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "एक गोष्ट कर. सगळं दूध एकदम चुलीवर चढवू नकोस. निम्मं बाजूला ठेव. मी ठेवलं नव्हतं."

सावरीने खजिन्यातून कढई काढवली, आतून तिला कल्हई करून घेतली, कारण उघड्या तांब्यात दूध कळकतं हे डोंगरातल्या पोरीलाही ठाऊक असतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच ती निघाली. वाट दाखवायला काळा, दुहेरी शेपटीचा कोतवाल पक्षी पुढे उडत होता. त्या राज्यातला कामावर झोप न काढणारा तो एकटाच कोतवाल.

"धुक्यातल्या गाईशी गोड बोल," कोतवाल म्हणाला. "मोठमोठे भाट तिची स्तुती करायला येतात."

"आणि दूध?"

"दूध कोणालाच देत नाही."

गाय उंच पठारावर उभी होती. अर्धी धुक्यात, अर्धी बाहेर. सावरीने स्तुती केली नाही. तिने गाईची मान खाजवली, कानामागच्या गोचिड्या काढल्या आणि बाजूला बसून राहिली. वासरू येऊन पोटभर पिऊन गेलं. दुपार कलली.

"तू काही मागितलं नाहीस," गाय म्हणाली.

"वासराचं व्हायचं होतं."

"इतकी वर्षं माणसं येतात. तेवढं कोणी थांबत नाही." गाईने मागचा पाय जरा बाजूला घेतला. "दोन शेर काढ. हे दूध तुझ्या चुलीची वाट बघेल, तोवर नासणार नाही."

संध्याकाळी ती परतली, तेव्हा सुकेतू पोटऱ्यांपर्यंत दगड झाला होता.

तिसऱ्या दिवशी ती मौनगिरीला गेली. मौनगिरी म्हणजे शुभ्र साखरेचा डोंगर. कोण्या लोभी यक्षाने तो साठवला होता आणि साठवता साठवता मरून गेला होता. तिथली साखर हवी तेवढी न्यावी, पण वाटेत तिची चव घेतली की घरचा रस्ता विसरायचा. डोंगराच्या पायथ्याशी अशी शंभरेक माणसं बसली होती. आनंदात होती. बोटं चाटत होती.

"बाई, एक कण तरी चाखून बघ," एक म्हातारा मोठ्या प्रेमाने म्हणाला. "न चाखता नेलीस आणि आंबट निघाली तर?"

"घरी बघेन, आजोबा."

"घर कुठे असतं?"

सावरीने ओठांवर पदर बांधला, ओंजळभर साखर पुरचुंडीत घेतली आणि बोटं गवताला पुसली. उतरताना वाऱ्याने साखर गालावर उडाली, तेव्हा ती झऱ्यापर्यंत धावत गेली आणि आधी तोंड धुतलं. "अजून आठवतंय का?" कोतवालाने घाबरून विचारलं. "तिसऱ्या महालाचं दार करकरतं," ती म्हणाली. घर तिला आठवत होतं. त्या दिवशी दगड सुकेतूच्या गुडघ्यांवर पोहोचला.

चौथ्या दिवशी खारं तळं. पाणी आटून तिथे पांढरी भेगाळलेली जमीन उरली होती, आणि मधोमध एक ब्रह्मराक्षस मांडी घालून बसला होता. त्याचं अंग खाराने पांढरं पडलं होतं.

"चिमटीला चिमूट," तो म्हणाला. "खार घे. बदल्यात तुझ्यातलं काहीतरी दे. आवाज दे."

"मी तो फारसा वापरत नाही," सावरी म्हणाली, "पण त्यांना हाक मारायला लागेल."

"मग एक खरी गोष्ट दे. जी तू कोणाला सांगितली नाहीस."

कोतवाल शहाणा, तो उडून लांबच्या बाभळीवर जाऊन बसला.

"लग्नात मला ते आवडले नव्हते," ती म्हणाली. "फार बोलतात असं वाटलं. माहेरी जायचे दिवस मोजत होते."

"आणि आता?"

"आता गुडघे त्यांचे गेलेत, आणि चालता मला येत नाही."

ब्रह्मराक्षसाने डोळे मिटले. असं काही त्याला फार दिवसांत मिळालं नव्हतं. मग त्याने जमिनीचा एक पापुद्रा उचलून तिच्या तळहातावर चुरला. "चिमूटभरच घाल. याने दूध फाटत नाही आणि रंग चढतो. जास्त घातलास तर साबणासारखं लागेल; मग मला नावं ठेवायची नाहीत."

ती घरी पोहोचली. सुकेतू कंबरेपर्यंत दगड झाला होता आणि त्याला खिडकीशी उभं करून ठेवलं होतं, म्हणजे निदान बाग दिसेल.

पाचव्या दिवशी सकाळी सावरी मुदपाकखान्यात शिरली. उंबऱ्याशी बारीक काटक्यांचा ढीग होता. त्या राज्यात जुनी रीत होती. स्वयंपाकघरात पाऊल टाकणाऱ्याने चुलीला घास द्यायचा. एक काटकी उचलायची, कपाळाला लावायची, जाळात सारायची. रिकाम्या हाताने चुलीसमोरून गेलं तर ती उपाशी राहते आणि घराचं वाईट चिंतते, असं सगळे मानत. सावरीनेही काटकी सारली.

तिने निम्मं दूध कढईत ओतलं, साखर घातली, खार घातला. दूध फसफसलं आणि खाली बसलं. ती लाकडी डावाने हलवू लागली.

आधी सासूबाई आल्या. "माझ्या लेकरासाठी गं बाई, माझ्या लेकरासाठी," म्हणून त्यांनी दोन काटक्या सारल्या. मग महाराज आले. राजा कधी मुदपाकखान्यात येत नसे. त्या दिवशी आला, मुकुट काढून हातात धरला आणि चांगली मनगटाएवढी ढलपी चुलीत घातली. मग आत्याबाई, मग दासी, मग पागेवरचे लोक. युवराजांसाठी ज्याचा त्याचा जीव तुटत होता. जो तो कढईत डोकावे, डोळे पुसे आणि जाताना चुलीला घास देई.

"अजून पांढरंच आहे का?" म्हणे, आणि आणखी एक देई.

दुपारी कढईच्या तळातून करपल्याचा वास आला. सावरीने डाव घातला तो काळा होऊन वर आला.

मुदपाकखान्याचा मुख्य आचारी भानोबा कपाळाला हात लावून बसला. "गेलं! त्या वेळीही असंच गेलं होतं. कढईतच खोट आहे, वहिनीसाहेब. नाहीतर दुधात."

सावरी खाली वाकली. ती चुलीकडे बघत राहिली. सहा तासांत जळतं लाकूड चुलीच्या तोंडाबाहेर आलं होतं. खोट कढईत नव्हती. दुधातही नव्हती. दुधाला हवा होता मंद जाळ, आणि घरभरची माया त्याला एकेक काटकीने वाढवत होती.

सांगणं सोपं होतं. 'उद्या कोणी काटकी घालू नका,' एवढंच. तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात काकूसाहेब आत आल्या. त्यांनी करपलेली कढई पाहिली आणि त्या भिंतीला टेकल्या. "मी उठलेही नव्हते गं," त्या हळूच म्हणाल्या. "सबंध दिवस चुलीपुढे बसून होते. दर घटकेला यांचं नाव घेऊन एक घास द्यायची. आणखी काय करायला हवं होतं मी?" असं म्हणून त्यांनी उंबऱ्यावरची काटकी उचलली, कपाळाला लावली आणि विझू आलेल्या चुलीत सारली.

सावरीने उघडलेलं तोंड मिटलं.

हे या बाईला कोणी सांगायचं? अठ्ठावीस वर्षं तिने ज्याचे पाय पुसले, त्याचं दूध तिच्याच हातच्या घासांनी करपलं, हे ऐकून ती कुठे जाणार होती?

संध्याकाळी सावरी सुकेतूजवळ बसली. दगड छातीशी आला होता. त्याच्या आवाजाला आता दगडी रांजणात बोलल्यासारखा घुमारा होता.

"काय झालं, सांग," तो म्हणाला.

तिने सांगितलं. सगळं. इतकं सलग ती त्याच्याशी कधी बोललीच नव्हती.

"मग उद्या काकूंना मुदपाकखान्यात येऊ देऊ नकोस."

"त्या विचारतील, का."

"मी मेल्यावर विचारायला कोण... बरं, मरत नाही म्हणा. उभाच आहे." तो थांबला. "सावरी, तुझ्या जागी मी असतो तर सांगून टाकलं असतं."

"तुम्ही फार बोलता."

तो हसला. हसताना छातीतून खडी सांडल्यासारखा आवाज आला. मग म्हणाला, "नको सांगूस. पण दूध मात्र कर."

सहाव्या दिवशी उजाडताच ती पुन्हा चुलीपुढे गेली. शेजारच्या चुलीवर अंघोळीच्या पाण्याचं मोठं तांब्याचं घंगाळ चढलं होतं. दासी येत होत्या, घास देत होत्या. तिथेही काटक्यांचा ढीग जळत होता. जाळ घंगाळाच्या काठापर्यंत चाटत होता. आणि पाणी? पाणी उकळत होतं. जाळ वाढला तरी उकळत होतं, कमी झाला तरी उकळत होतं. वाफ जास्त निघे एवढंच. त्याहून जास्त ते रागावत नव्हतं.

सावरी उभीच राहिली. मग म्हणाली, "भानोबा, ते घंगाळ इकडे आणा."

"अंघोळीचं? स्वयंपाकाच्या चुलीवर?"

"घासून, धुऊन. अर्धं पाणी भरून."

"वहिनीसाहेब, लोक म्हणतील सूनबाई दूध करतेय की युवराजांना न्हाऊ घालतेय!"

"दोन्ही लागणारच आहे," सावरी म्हणाली.

घंगाळ चढलं. पाणी उकळलं. सावरीने कढई त्या पाण्यात सोडली. कढईचे कान घंगाळाच्या काठावर टेकले, बूड पाण्यात राहिलं. तिने उरलेलं दूध ओतलं. पसरट कढईत ते चार बोटांएवढंच उभं राहिलं. साखर घातली, चिमूटभर खार घातला आणि डाव हातात घेतला.

लोक आले. कालच्याहून जास्त आले. सावरीने कोणाला अडवलं नाही. पागेवरच्यांनी ओंडके आणले. महाराजांनी ढलपी घातली. जाळ गरजत होता आणि घंगाळात पाणी खदखदत होतं. कढईत दूध आपलं संथ, एखाददुसरा बुडबुडा सोडत बसलं होतं. पाणी आटलं की सावरी गरम पाणीच वरून घाली. गार पडून दुधाचा ताव मोडू नये म्हणून.

उन्हं डोक्यावर आली. दूध निम्मं झालं, पण पांढरंच. उन्हं कलली. दूध सायीच्या रंगाचं झालं. मग ओल्या गव्हाच्या रंगाचं. डावावरून ते आता थेंबाने पडेना, ओघळ धरू लागलं. सावरीचा उजवा हात भरून आला तेव्हा तिने डावा लावला.

एक दासी धावत आली. "युवराजांचा गळा गेला! हनुवटीशी आलंय!"

सासूबाईंनी टाहो फोडला. "अगं, अजून रंग नाही गं, अजून रंग नाही! जाळ वाढवा! कोणीतरी जाळ वाढवा!"

सगळ्यांनी सावरीकडे पाहिलं. नव्या सुनेने मान वर केली.

"वाढवा, आईसाहेब," ती म्हणाली. "हवा तेवढा वाढवा."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी काटक्या सारल्या. त्यांना तेवढं तरी करता आलं.

मावळतीला ऊन दारातून आत शिरलं, तेव्हा उंबऱ्यात एक म्हातारा उभा होता. पाठ वाकलेली, दाढी नाभीपर्यंत. कालकंठ. सगळे भिंतीला चिकटले. त्याने सवयीने ढिगातली एक काटकी उचलली, कपाळाला लावली आणि चुलीत सारली. तोही त्याच राज्यातला होता. मग तो कढईत वाकून बघत राहिला. गव्हाचा रंग हळूहळू गडद होत होता. मातकट सोनेरी, मग विटकरी, आणि मग कपिला गाय उन्हात उभी राहिली की तिच्या पाठीवर दिसतो तो.

सावरीने डाव फिरवला. कढईचं बूड क्षणभर लखलखीत दिसलं आणि दूध सावकाश पुन्हा जवळ आलं. कुठेही करपलं नव्हतं.

"झालं," ती म्हणाली.

"भाकरी आहे?" मांत्रिकाने विचारलं. त्याचा आवाज मांत्रिकाचा राहिला नव्हता.

काकूसाहेबांनी तव्यावरची भाकरी काढून पुढे केली. सावरीने तिच्यावर ते दूध पसरलं. गरम भाकरीवर ते चकाकलं आणि कडेने जरा ओघळलं. कालकंठाने घास घेतला. चावला. सगळं राज्य थांबलं.

"आईच्या हातचं थोडं जास्त गोड असायचं," तो म्हणाला.

महाराजांच्या हातून मुकुट खाली पडला. सासूबाईंनी श्वास धरला.

"साखर संपली होती हो," सावरी म्हणाली. "एवढंच आहे."

मांत्रिकाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याच्या दाढीवरून पाणी ओघळू लागलं. "तीही असंच म्हणायची. 'एवढंच आहे, कालू.' दर वेळी हेच." आणि त्याने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, बोटं चाटली, आणि लहान मुलासारखा चुलीपुढे मांडी घालून बसला.

तेव्हा वरच्या महालातून आवाज आला. "सावरी! अगं, माझ्या पायाला मुंग्या आल्यात! दोन्ही पायांना! कोणी आहे का?" मग पुष्कळसं काहीबाही. इतकं की सावरीला डाव खाली ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकून घ्यावं लागलं.

खजिन्याच्या दाराशीही तडा गेला. दगडाला वय होतच असतं. जयकेतूचे केस पिकलेले निघाले, मिशीत शेवाळ होतं. काकूसाहेब धावत गेल्या आणि चार पावलांवर थबकल्या.

"तू किती वेळ उभी आहेस?" त्याने विचारलं.

"उभे तुम्ही होता," त्या म्हणाल्या. "मी येऊन जाऊन होते."

वीरबाहूने जमिनीवरचा मुकुट उचलला, पुसला आणि भावापुढे धरला. "दादा, हे राज्य तुमचं. सिंहासनावर या."

"येतो," जयकेतू म्हणाला. "पण आधी कुठेही बसू दे. पाटावर बसू दे."

त्याला चुलीजवळच्या पाटावर बसवलं. कालकंठाने उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. क्षमा कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही. दोघं एकाच कढईतलं खात होते. वैर मिटायला तेवढं पुरलं.

पुढे जयकेतू गादीवर बसला आणि वीरबाहू सुखाने त्याचा प्रधान झाला. कढई वाजत गाजत कालकंठाच्या झोपडीत परत गेली. तो ती कधीकधी सावरीकडे पाठवी. रिकामी येई आणि भरून जाई. सुकेतूने सावरीला नदीकाठी नेलं आणि वाटभर बोलत राहिला. तिने एकदाही त्याला थांबवलं नाही.

एका दुपारी काकूसाहेब मुदपाकखान्यात आल्या. सावरी डाव धुवत होती. आणखी कोणी नव्हतं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "खरं सांगशील? माझं काय चुकलं होतं त्या वेळी?"

सावरीने डाव पालथा घातला. बाहेरच्या ओसरीवर जयकेतू कोणाला तरी हाक मारत होता आणि मधूनमधून विनाकारण हसत होता.

"तुमचा खार जुना असेल, काकूसाहेब. जुन्या खाराने दूध धरतं खाली."

"तेवढंच?"

"तेवढंच."

काकूसाहेब बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. अठ्ठावीस वर्षं एकाच चेहऱ्याकडे बघत आलेल्या बाईला दुसऱ्याचा चेहराही थोडाफार वाचता येत असावा. मग त्यांनी सावरीच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला. "असेल," त्या म्हणाल्या. "जुनाच असेल. बाजारातून आणलेला नव्हता ना, ब्रह्मराक्षसाकडचा होता. त्यांचं काय सांगावं."

आणि त्या बाहेर गेल्या, जिथे हाक येत होती तिकडे.

त्या राज्यात आता सारं यथास्थित आहे. ज्यांनी हे ऐकलं, त्यांच्या घरचं दूध आटो, गडद होवो, आणि खाणारं माणूस वेळेवर पाटावर येवो.